डार्लिंग्टनचा वाकडा ट्रॅक



अमेरिकेत मोटार शर्यतीचा एक प्रकार असा आहे, की त्यात गाड्या तासन्‌तास डावीकडेच वळत राहतात. स्टॉक कार रेसिंग म्हणतात त्याला. त्याचा मुख्य कारभार नॅसकार या संस्थेकडे. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून आणलेली साधी गाडी. आता ती दिसण्यापुरतीच तशी उरली आहे, आतून सगळी शर्यतीसाठीच बांधलेली असते. १९४८ साली नॅसकार सुरू झाली तेव्हा शर्यती बहुतेक मातीच्या ट्रॅकवर होत. त्यांना मोठ्या डांबरी ट्रॅकवर आणलं ते साउथ कॅरोलायना राज्यातल्या डार्लिंग्टन या छोट्याशा गावाने. नावाजलेला ट्रॅक म्हटलं की लोक डेटोनाचं नाव घेतात. पण डेटोना सुरू झाला १९५९ साली, डार्लिंग्टनची पहिली शर्यत १९५० सालची.

हॅरॉल्ड ब्रॅसिंग्टन हा इथलाच माणूस. स्वतः गाड्या पळवलेला, माती उपसायच्या यंत्रांचा धंदा असलेला. १९३३ साली तो इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत पाहून आला आणि आपल्या गावातही तसंच काही व्हावं, हे त्याच्या डोक्यात बसलं. शेरमन रॅम्सी नावाच्या शेतकऱ्याची जमीन त्याला मिळाली, पण एका अटीवर: शेतातल्या बारक्या माशांच्या तळ्याला हात लावायचा नाही! ब्रॅसिंग्टनने शब्द पाळला. तळं वाचवायचं म्हणून ट्रॅकचं एक टोक आवळून घेतलं. दुसरं ऐसपैस राहिलं. ट्रॅक झाला अंड्यासारखा.

आता गंमत बघा. आज हा ट्रॅक सुमारे सव्वादोन किलोमीटरचा आहे. एका टोकाला वळणाचा उतार २५ अंशांचा, दुसऱ्या टोकाला २३ अंशांचा, आणि ते वळणही जास्त घट्ट. मेकॅनिकने गाडी एका टोकासाठी जमवली की ती दुसऱ्या टोकाला कुरकुर करते. दोन्हीकडे चोख चालेल अशी गाडी इथे बांधताच येत नाही. मग उरतो ड्रायव्हर. वेग हवा असेल तर गाडी वरच्या भिंतीला अगदी खेटून न्यावी लागते. अंदाज बोटभर चुकला की उजव्या बाजूचा रंग भिंतीला घासून जातो. त्या ओरखड्याला ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ असं नावच पडलं आहे. वर डांबर खरखरीत, टायर भराभर झिजतात. सुरुवातीला नवे टायर असताना जो पुढे असतो, तो शेवटीही पुढे असेलच असं नाही.

पहिल्याच शर्यतीत, ४ सप्टेंबर १९५० रोजी, हे दिसून आलं. ७५ गाड्या, पाचशे मैल. मातीवर वाढलेले भले भले गडी सुसाट सुटले आणि त्यांचे टायर फटाफट फुटू लागले. टायर संपले तेव्हा म्हणे प्रेक्षकांच्या गाड्यांचे टायर काढून आणले. जॉनी मँट्झ मात्र एका साध्या प्लिमथला ट्रकचे कडक टायर लावून आला होता. ताशी ७५ मैलांच्या आसपास, बेताबेताने, तो फिरत राहिला. साडेसहा तासांहून जास्त वेळ चाललेली ती शर्यत त्यानेच मारली. मला हा विजय फार आवडतो, कारण तो वेगाचा नाहीच, हिशेबाचा आहे.

पुढे डेव्हिड पिअर्सनने इथे दहा शर्यती जिंकल्या. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. डेल अर्नहार्ट नऊवर थांबला. २००३ साली रिकी क्रेव्हन आणि कर्ट बुश शेवटच्या फेरीत एकमेकांच्या अंगावर गाड्या रेटत, घासत रेषेवर आले. फरक पडला ०.००२ सेकंदाचा. क्रेव्हन जिंकला.

सगळंच कौतुकाचं नाही. कित्येक वर्षं इथल्या स्टँडमध्ये गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचे झेंडे फडकत. नॅसकारने त्यांच्यावर बंदी घातली ती थेट २०२० साली.

आणि व्यवहारात हा ट्रॅक मागेही पडला. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत कामगार दिन असतो. त्या सुट्टीत होणारी ‘सदर्न ५००’ म्हणजे डार्लिंग्टनची दिवाळीच. पण २००४ साली नॅसकारने त्या सुट्टीची शर्यत उचलून कॅलिफोर्नियातल्या फोंटाना इथे नेली. तिथला ट्रॅक नवा, रुंद, दोन्ही टोकं नीटनेटकी सारखी. शिवाय जवळ लॉस एंजेलिससारखं शहर. तरी प्रेक्षक जमेनात. काही वर्षांनी शर्यत अटलांटाला गेली आणि २०१५ साली पुन्हा डार्लिंग्टनला आली. मे २०२० मध्ये कोविडमुळे थांबलेला हंगाम परत सुरू करायचा होता, तेव्हाही नॅसकारने रिकाम्या स्टँडसमोर पहिली गाडी सोडली ती इथेच. फोंटानाच्या ट्रॅकवर शेवटची शर्यत २०२३ साली झाली, आणि त्याच वर्षी तो पाडायला घेतला.