गडासाठी शिकाऊ उमेदवार



पुनावळ्यात महामार्गाखालच्या भुयारी मार्गातून वाट काढून इतकी माणसं वेळेवर आली, म्हणजे विषयात जीव आहे! (हशा)

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, ते काही तुम्हाला नव्याने सांगायला नको. त्यातला लोहगड आपल्या उशाशी. आकुर्डीला लोकल धरायची, मळवलीला उतरायचं. माणसं येणार, लांबून येणार. त्यांना गड दाखवणारा माणूस कोण घडवणार?

माझं म्हणणं एकच आहे. हा माणूस नुसत्या वर्गात घडत नाही. तो उमेदवारीत घडतो. या पट्ट्याइतकं हे कुणाला ठाऊक आहे? मोरवाडीचं आयटीआय घ्या, टेल्कोतलं प्रशिक्षण घ्या. हातात कानस, शेजारी उस्ताद, जॉब बिघडला की पुन्हा पहिल्यापासून. आणि शिकतानाच महिन्याला स्टायपेंड! १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने फिटर-टर्नरला हे दिलं. २०१४ च्या दुरुस्तीने कारखान्याबाहेरच्या नव्या व्यवसायांनाही वाट मिळाली. मग गडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीतल्या पोराला ती का मिळू नये?

कारखान्याबाहेर असं शिकणं कसं होतं, त्यासाठी वेंगुर्ल्याचं उदाहरण सांगतो. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात. मच्छीमार घरांतल्या बायका. कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून त्यांना प्रशिक्षण मिळालं. खाडी त्यांना ठाऊकच होती. भरती कधी, गाळ कुठे, मासा कुठे, ते कोण शिकवणार त्यांना? शिकायचं होतं ते वेगळंच. परक्या माणसाला होडीत नीट बसवायचं, जॅकेट घालायला लावायचं, वल्हं मारता मारता तिवर, कांदळ, चिपी ओळखून दाखवायची, चिखलातून वर आलेली मुळं श्वास कशी घेतात ते सांगायचं. आणि अनोळखी लोकांसमोर तोंड उघडायचं! मला विचाराल तर सगळ्यात अवघड तेच. ते फळ्यावर शिकवता येत नाही. होडीत पाहुणा बसलेला असतो, तेव्हाच ते येतं. त्या बायकांचं ज्ञान आधी होतंच, त्याला कौशल्य म्हणून मान आणि मोल नंतर मिळालं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो, म्हणून इतका वेळ रेंगाळलो. तारकर्लीच्या स्कूबा केंद्राबद्दलही बोलायचं होतं, पण अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. (हशा)

मागून प्रश्न आलाय, ‘इंजिनीअरिंग सोडून पोराला गाईड करायचं का?’ दादा, इंजिनीअरिंग सोडा असं मी म्हटलेलं नाही. पण ‘गाईड’ म्हणताना तुमचा आवाज खाली गेला, त्याच्याशी माझं भांडण आहे. पुरंदरच्या तहात १६६५ ला गेलेला आणि १६७० ला परत घेतलेला हा लोहगड. त्याची माहिती चुकीची सांगितली तर तो जॉबही रिजेक्टच व्हायला हवा. पावसाळ्यातल्या रविवारी दरवाजांच्या पायऱ्यांवर गर्दी तुंबते, तेव्हा कुणाला कुठे थांबवायचं हे ज्याला कळतं, तो कुशल कामगार नाही? शनिवार-रविवारच्या कमाईवर घर चालत नाही, हे मात्र तुमचं खरं. म्हणून त्याच पोराला घरगुती निवास चालवता यावा, स्वयंपाकघराची स्वच्छता कळावी, प्रथमोपचार यावेत. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र मंडळी दरीतून माणसं काढतात. दोर बांधायला त्यांच्याहून मोठे उस्ताद कुठे शोधायचे? भाज्याच्या लेण्यांसाठी पुरातत्त्वाचा अभ्यासक हवा, गडाच्या विंचूकाटा माचीवरच्या वाऱ्यासाठी वाडीतलाच एखादा म्हातारा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. तेव्हा मागणी मांडतो. सभागृहात कारखानदार आहेत, मनुष्यबळ खात्यातले अधिकारी आहेत. लोहगडवाडी, भाजे, पाटण इथल्या मुलामुलींची एक तुकडी घ्या. वर्षभर स्टायपेंड द्या, उस्तादांनाही मानधन द्या. शेवटी ट्रेड टेस्ट गडावरच घ्या, तीही पावसाळ्यातल्या रविवारी. पास होईल त्याला बिल्ला द्या आणि दिवसाचा दर ठरवून द्या. कोण किती उमेदवार घेणार, ते आभारप्रदर्शनाआधी इथेच सांगा. मी खाली उतरून नावं लिहून घेतो.