जागा कोणी सोडायची?

२००० नंतरच्या काही वर्षांतले कॉलेज आठवा. संगणक पन्नास, पण बाहेर जाणारी इंटरनेटची लाइन एकच आणि तीही संथ. पन्नास मुलांना परीक्षेचे एकच वेळापत्रक हवे असेल, तर ते पन्नासदा दुरून कशाला आणायचे? म्हणून मध्ये एक संगणक बसवत, त्याचे नाव प्रॉक्सी. एकदा आणलेल्या पानाची प्रत तो आपल्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये ठेवी आणि पुढच्याला तिथूनच देई.

साठा भरला की खरा पेच. नवे ठेवायचे तर जुने काढायला हवे, पण कोणते? आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये संगणकाच्या स्मृतीपुरते बिनतोड उत्तर दिले होते: ज्याची गरज सर्वांत उशिरा पडणार, ते काढा. पण पुढचे कुणाला दिसते? मागचे पाहून अंदाज बांधायचा, एवढेच हाती उरते.

स्क्विड हा १९९६ पासूनचा, फुकट मिळणारा प्रॉक्सी प्रोग्रॅम. त्याची मूळ रीत साधी आहे. ज्याला कोणी विचारून सर्वांत जास्त काळ लोटला, ते बाहेर. नव्वद टक्के जागा भरली की तो आवराआवर सुरू करतो, पंच्याण्णवकडे जाताना हात जोरात चालवतो. मात्र एकदाच लागणाऱ्या गोष्टींची झुंड आली, की रोजचे पानही ढकलले जाते. बरे, नुसत्या मागण्या मोजाव्यात, तर निकालाच्या दिवशी गाजलेले पान माजी मंत्र्याने बंगला अडवावा तसे वर्षभर हलत नाही.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. १९९७ मध्ये पेई काओ आणि सँडी इराणी यांनी तो मांडला, पुढे एचपीच्या संशोधकांनी सुधारला. प्रत्येक वस्तूला गुण द्यायचे: मागणी जास्त तर गुण जास्त, आकार मोठा तर कमी. सर्वांत कमी गुणांची वस्तू जाते. पण तिचे गुण लिहून ठेवतात आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकीच्या खात्यात तेवढे आधीच जमा करतात. जुनीला पुन्हा कोणी विचारले, तर तिलाही ही भर मिळते. न विचारलेलीचे काही कापत नाहीत, फक्त पायरी वर चढत येते. (नावाजलेल्या कवींचेही असेच होते, पण ते असो.)

या रीतीत लहान वस्तू टिकतात. त्यामुळे जास्त मुलांना पान चटकन मिळते, पण मोठ्या फायली पुन्हापुन्हा लाइनवरून येतात. स्क्विडमध्येच दुसरी एक रीत आकार पाहत नाही. ती लाइनवरचा भार वाचवते, मात्र ताटकळणारे वाढतात. कोणती लावायची हे यंत्र नव्हे, ते चालवणारा माणूस ठरवतो. बिल भरणारा एक सांगेल, खुर्चीवर खोळंबलेला मुलगा दुसरे. मी मुलाच्या बाजूचा.

बाहेर गेलेली असते ती केवळ प्रत. मूळ पान आपल्या जागी असतेच. आज बहुतेक पाने सांकेतिक रूपात कुलूपबंद होऊन येतात, त्यामुळे मधल्या प्रॉक्सीला ती सहसा साठवता येत नाहीत. हे काम आता मोठ्या संकेतस्थळांनी जगभर ठेवलेल्या साठ्यांकडे गेले आहे. तिथेही जागा मोजकीच आहे.