फाटकावरचा माणूस आणि त्याची नोंद

तुमच्या गावातली दोन-चार मुले तरी आज पुण्या-मुंबईकडे कुठल्या ना कुठल्या फाटकावर उभी असतील. अंगात गणवेश, हातात शिटी नि बॅटरी आणि टेबलावर एक जाड वही. घरी फोन करताना ती सांगतात, 'सिक्युरिटीत लागलो.' आपणही पुढे फारसे विचारीत नाही. नोकरी कोणाची, पाळी किती तासांची, पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही तर काय, हे विचारायचे राहून जाते. आज त्या टेबलावरच्या वहीविषयी बोलायचे आहे. वहीची जागा आता संगणक घेऊ लागला आहे. त्याने खरोखर काय साधते हे पाहण्यासाठी तुम्हांला थोडे दूर, इंग्लंडात, घेऊन जातो. पहाऱ्याच्या धंद्याला शिस्त लावण्याचा खटाटोप तिथे बरीच वर्षे चालला आहे.

तिथे २००१ साली खाजगी सुरक्षा धंद्याचा कायदा झाला. त्या कायद्याने 'सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटी' नावाचे सरकारी मंडळ २००३ साली उभे राहिले. त्याने केले काय, तर कंत्राटावर पहारा देणाऱ्या प्रत्येक माणसाला स्वतःच्या नावाचा परवाना सक्तीचा केला. परवान्यासाठी शिक्षण हवे, ओळख पटलेली हवी, गुन्ह्यांची नोंद तपासलेली हवी. तो चालतो तीन वर्षे. त्यावर सोळा आकड्यांचा क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे कोणालाही घरबसल्या पडताळता येते. बिनपरवाना माणूस उभा राहिला तर त्याचा गुन्हा, आणि त्याला पाठवणाऱ्याचाही.

पण माणसाला परवाना मिळाला म्हणून कंपनी चांगली ठरते का? नाही. म्हणून २००६ पासून कंपन्यांसाठी एक मानांकन सुरू झाले. ते ऐच्छिक आहे. ज्याला 'मान्यताप्राप्त कंत्राटदार' म्हणवून घ्यायचे आहे त्याने दरवर्षी आपली तपासणी आपण करायची, मग बाहेरचा तपासनीस येऊन कागद आणि माणसे दोन्ही पाहणार. मोठी गिऱ्हाइके कंत्राट देताना हा शिक्का आहे का ते आधी विचारतात. तेव्हा ऐच्छिक म्हटले तरी धंदा करायचा तर त्यावाचून अडतेच.

तपासनीस कोणत्या गोष्टी पाहतो? बी.एस. ७८५८ नावाचे ब्रिटिश मानक सांगते की नोकरीला घेताना माणसाची मागची निदान पाच वर्षे तपासा. त्यात ३१ दिवसांहून मोठी फट असेल तर त्या काळात तो कुठे होता याचा खुलासा मिळवा. बी.एस. ७४९९ हे दुसरे मानक जागेवरच्या पहाऱ्याविषयी आहे. माणसाला त्या जागेची माहिती दिली का, रात्री एकटा असलेला पहारेकरी ठरल्या वेळी नियंत्रण कक्षाला फोन करतो का, आणि फोन आला नाही तर पलीकडे कोणी हलते का, असल्या गोष्टी त्यात येतात.

शिक्षक मंडळींना तपासणी म्हणजे काय हे सांगायला नको. दिपोटी साहेब यायचे ठरले की शाळेत काय धांदल उडते ते तुम्ही पाहिले आहे. हजेरीपट, दाखले, कीर्द, सारे आदल्या आठवड्यात नीटनेटके होते. पहाऱ्याच्या कंपनीतही हेच होई. दोनशे जागा, हजारभर माणसे, तीन पाळ्या, आणि नोंदी कुठे? थोड्या वहीत, थोड्या कपाटातल्या फायलीत आणि बऱ्याचशा पाळ्या लावणाऱ्या कारकुनाच्या डोक्यात. हा कारकून रजेवर गेला की कंपनीची स्मरणशक्तीच रजेवर गेली म्हणायची!

पाळ्या लावण्याच्या सॉफ्टवेअरचा उपयोग इथे आहे. त्यात प्रत्येक पहारेकऱ्याचे एक पान असते. परवाना क्रमांक, तो कधी संपतो, शिक्षण कोणते झाले, मागची चौकशी पुरी झाली की नाही, कोणत्या जागेची माहिती दिलेली आहे, हे सारे त्या पानावर. कारकून पाळी लावायला गेला आणि त्या माणसाचा परवाना शुक्रवारी संपत असेल, तर शनिवारची पाळी यंत्र लावूच देत नाही. महिना-दोन महिने आधीपासून ते आठवणही करते. पहारेकरी जागेवर पोचला की तिथल्या फोनवरून किंवा मोबाईलवरून हजेरी लागते. दहा-पंधरा मिनिटे झाली तरी हजेरी नाही, की नियंत्रण कक्षात इशारा वाजतो. रात्री दोनचा फोन चुकला तरी तसेच. एकटा माणूस गोदामात चक्कर येऊन पडला असेल, तर सकाळी पहिला कामगार येईपर्यंत कोणालाही पत्ता लागत नसे. त्याच्या दृष्टीने या इशाऱ्याचे मोल मानांकनाच्या शिक्क्याहून मोठे आहे.

आणखी एक सोय अशी की नोंद बदलली तर कोणी बदलली, केव्हा बदलली, हेही राहते. वहीतले पान फाडता येते, शाईवर शाई चढवता येते. इथे जुने खोडले तरी खाली शिल्लक असते. तपासनीस विचारतो, 'मागच्या मार्चमध्ये चौदा तारखेला रात्री या जागेवर कोण होते, आणि त्या दिवशी त्याचा परवाना चालू होता का?' उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते, आणि ते त्या रात्रीचेच असते, तपासणीच्या आदल्या आठवड्यात लिहिलेले नसते.

नोंदी नीट नसल्या तर काय होते, याचे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. २०१२ साली लंडनला ऑलिंपिकचे सामने २७ जुलैला सुरू व्हायचे होते. जी-फोर-एस या अवाढव्य कंपनीने १०,४०० पहारेकरी पुरवण्याचे पत्करले होते. सामने दोन आठवड्यांवर आले तेव्हा कबुली आली की एवढी माणसे उभी राहत नाहीत. सरकारला ३,५०० जादा सैनिक आणावे लागले. भरती झाली नव्हती असे नव्हे. निवड झाली, शिक्षण झाले, पण कुठे नि केव्हा हजर व्हायचे हेच कळले नाही, अशी गाऱ्हाणी त्या वेळी वर्तमानपत्रांतून आली. पुढे कंपनीच्याच सांगण्यावरून चौकशी झाली, तेव्हा मनुष्यबळाचा माग ठेवण्याची व्यवस्था आणि वरिष्ठांपर्यंत पोचणारी माहिती या कामाच्या पसाऱ्याला पुरी पडली नाही, असे निघाले. त्यांच्याजवळ संगणक नव्हते असे कोण म्हणेल? पण कोण कुठल्या टप्प्यावर आहे याचे खरे चित्र वर पोचत नव्हते.

आता तासांविषयी. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. इंग्लंडात १९९८ च्या नियमांप्रमाणे आठवड्याला सरासरी ४८ तास काम. त्याहून जास्त हवे तर कामगाराची लेखी संमती पाहिजे. दिवसाकाठी ११ तासांचा सलग विसावा. पहाऱ्याच्या कामाला यात काही सूट आहे, पण बुडालेला विसावा मागाहून भरून द्यायचा आहे. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात रात्रीचा माणूस सकाळी सुटणार, इतक्यात दिवसपाळीचा येत नाही. मग सुपरवायझर म्हणतो, 'एवढी डबल कर ना बाबा.' सॉफ्टवेअरमध्ये तासांची मर्यादा नीट घातलेली असेल तर ते ही पाळी अडवते, किंवा कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. कारण लिहावे लागते, तेव्हा ते कोणीतरी वाचणार असते. आणि एकाच जागी, त्याच कारणाने महिन्यात नऊ वेळा डबल पाळी झालेली दिसली, तर तिथे माणूसच कमी आहे हे मालकाला नाकारता येत नाही.

पण यंत्राला फसवता येत नाही असे कोणी समजू नये. पूर्वी पहारेकऱ्याच्या गळ्यात चामडी म्यानातले जड घड्याळ असे. गस्तीच्या वाटेवर ठिकठिकाणी साखळीला किल्ली बांधलेली. ती घड्याळात फिरवली की आतल्या कागदी पट्टीवर खूण उमटे. आता किल्लीच्या जागी भिंतीवर लहानशी चकती असते, तिला मोबाईल टेकवायचा. काही बहाद्दर त्या चकत्या भिंतीवरून काढून टेबलाच्या खणात ठेवतात आणि खुर्चीत बसल्या बसल्या सारी गस्त पुरी करतात! दुसऱ्याच्या मोबाईलवरून हजेरी लावणारेही असतात. चांगला तपासनीस म्हणून पडद्यावरचे आकडे पाहून थांबत नाही. तो रात्री न सांगता जागेवर जातो, पहारेकऱ्याशी बोलतो, परवाना हातात घेऊन बघतो. गस्तीच्या प्रत्येक फेरीला सेकंदाचाही फरक नसेल, तर त्याला तिथेच शंका येते. चालणाऱ्या माणसाच्या फेऱ्या इतक्या एकसारख्या कधी होत नाहीत.

आपल्याकडची पद्धत थोडी वेगळी आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने इथे परवाना घ्यायचा तो एजन्सीने. पहारेकऱ्याचे वय १८ ते ६५ च्या दरम्यान हवे, चारित्र्याची पडताळणी हवी आणि ठरवून दिलेले शिक्षण हवे. एजन्सीने आपल्या रक्षकांची नोंदवही ठेवली पाहिजे, असेही तो कायदा सांगतो. केंद्र सरकारच्या २००६ च्या आदर्श नियमांत हे शिक्षण १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे धरले होते; माजी सैनिकांना ते कमी होते. महाराष्ट्रात याच्याही आधी, १९८१ साली, सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी वेगळा कायदा झाला आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली.

तेव्हा गुरुजी, तुमचा एखादा जुना विद्यार्थी या नोकरीला निघाला आणि दाखला न्यायला शाळेत आला, तर त्याला दोन-तीन गोष्टी विचारायला सांगा. एजन्सीचा परवाना चालू आहे का, तो कुठे लावलेला आहे. शिक्षण खरोखर किती दिवसांचे, आणि त्याचे प्रमाणपत्र त्याच्या हाती मिळणार का. फोटोचे ओळखपत्र केव्हा देणार. मस्टरवर सही करायची की मोबाईलवर हजेरी, आणि मोबाईलवर असेल तर महिनाअखेर आपले तास त्याला स्वतःला पाहता येतील का. पाहता येत नसतील, तर त्याने खिशात दहा रुपयांची एक वही ठेवावी, आणि पाळीवर चढल्याची नि उतरल्याची वेळ रोज स्वतःच्या हाताने लिहावी. पगाराच्या दिवशी तास कमी भरले, तर हीच वही पुढे ठेवता येईल.