कोलेस्टेरॉलची औषधे आणि ‘अ‍ॅलर्जी’ : वयानुसार घ्यावयाची काळजी
(वार्षिक सभेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन वर्गातील गोळ्या आज घरोघरी पोहोचल्या आहेत. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात बुरशीमध्ये या वर्गातील पहिले द्रव्य गवसले आणि १९८७ साली अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली.

‘मला या गोळीची अ‍ॅलर्जी आहे’, असे अनेक रुग्ण सांगतात. हा शब्द केसपेपरवर एकदा उमटला की औषध बहुधा कायमचे बंद होते. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांच्या दृष्टीने हे संरक्षण गमावणे धोक्याचे ठरते. म्हणून या शब्दाचा नेमका अर्थ जाणून घेतला पाहिजे.

अंगावर गांधी उठणे, ओठ, जीभ वा चेहरा सुजणे, श्वास कोंडणे ही खऱ्या अ‍ॅलर्जीची लक्षणे होत. स्टॅटिनमुळे ती क्वचितच उद्भवतात. मात्र उद्भवल्यास गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या रॅमिप्रिल, एनॅलाप्रिल यांसारख्या औषधांनीही अशी सूज येऊ शकते. त्यामुळे चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

अंगदुखी ही मात्र बहुधा अ‍ॅलर्जी नसते. लंडन येथील एका अभ्यासात त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० रुग्ण सहभागी झाले होते. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली, तर काही महिने कोणतीच गोळी दिली नाही. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खऱ्या गोळीने झालेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषधविरहित गोळीनेही झाला होता. वेदना खऱ्याच होत्या. कारण मात्र निराळे होते. पुढे निम्म्या रुग्णांनी औषध पुन्हा सुरू केले.

वयानुसार दक्षता बदलते. आनुवंशिक कोलेस्टेरॉल-विकार असलेल्या मुलांना साधारण आठ ते दहा वर्षांपासून ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिली जातात आणि ती सहसा चांगली मानवतात. अपत्याचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना आधीच कल्पना द्यावी. पन्नाशीनंतर क्वचित शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटते. अशा वेळी जिना चढणे, खुर्चीतून उठणे कठीण होते आणि गोळी थांबवूनही अशक्तपणा वाढतो. त्यावर वेगळे उपचार लागतात. वृद्धांमध्ये मूत्रपिंडाची दुर्बलता, थायरॉइडची कमतरता आणि औषधांची गर्दी यांमुळे धोका वाढतो. उदाहरणार्थ, सिमव्हास्टॅटिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. लघवी गडद तपकिरी झाल्यास विलंब करू नये.

आप्तेष्टांना विनंती एवढीच की, किरकोळ दुखण्यापायी गोळी परस्पर बंद करू नये. त्रास केव्हा सुरू झाला, गोळी कोणती व किती मात्रेची होती, हे लिहून आणावे. मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन देणे किंवा एझेटिमाइबसारखे निराळे औषध योजणे, असे मार्ग उपलब्ध आहेत. एका शब्दाची शहानिशा केल्याने एखाद्या घराचा आधार टिकू शकतो.