शितावरून भाताची परीक्षा



संभाव्यताशास्त्र आणि संख्याशास्त्र ही नावे पाठ्यपुस्तकांत शेजारी शेजारी येतात, म्हणून ती एकाच शास्त्राची असावीत असा समज होतो. वस्तुतः दोहोंच्या वाटा उलट दिशांच्या आहेत. पेटीत ३ तांबडे आणि ७ पांढरे मणी आहेत हे ठाऊक असेल, तर न पाहता काढलेले दोन्ही मणी तांबडे निघण्याची शक्यता १५ त १ आहे, हे संभाव्यताशास्त्र सांगते. संख्याशास्त्रापुढे पेटी बंद असते. हाती आलेल्या मण्यांवरून तिच्या पोटातले ताडायचे असते. शितावरून भाताची परीक्षा ती हीच. मात्र शीत वरचेच उचलले, तर तळचा करपलेला भात कळत नाही. म्हणून नमुन्याची निवड दैवावर सोपवतात. तसे केले की संभाव्यतेचे गणित लागू होते आणि चौपट नमुने घेतल्यास चूक साधारण निम्मी होते, अशी हमी मिळते.

या हमीची मर्यादा कोठे आहे, हे भारतातील पिकांच्या मोजणीने दाखवून दिले. पूर्वी पिकाचा अंदाज नजरपाहणीने, रुपयात इतके आणे असा बांधत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या नमुना पाहण्या सुरू केल्या. यदृच्छ निवडलेल्या शेतांत लहान लहान तुकडे कापावेत, ते पुष्कळ असावेत आणि त्यासाठी शिकवून तयार केलेली माणसे असावीत, ही त्यांची पद्धती.

तिला आव्हान दिले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेला आणि परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या पाहणीकडे वळला. लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न प्रत्यक्षाहून जास्त येते, असे त्यांनी १९४६ साली ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. कारण अगदी साधे होते. दोरीच्या रेषेवर उभे असलेले ताट आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. १ मीटर बाजूच्या चौरसात दर चौरस मीटरमागे ४ मीटर सीमा असते. १० मीटर बाजूच्या चौरसात ती ०.४ मीटरच उरते. तुकडा लहान, तितका हा लोभ महाग.

एकाच बाजूला झुकणाऱ्या अशा चुकीला अभिनती म्हणतात. दैवाने होणाऱ्या चुका नमुने वाढवले की एकमेकींना खोडतात. अभिनती खोडली जात नाही. लाख तुकडे कापले तरी ती तेवढीच राहते आणि अधिक अचूक दिसणाऱ्या आकड्याच्या आड लपते. पेटीतून मणी काढणारा हात निःपक्षपाती आहे असे संभाव्यताशास्त्र गृहीत धरते. तो तसा आहे का, हे शेतात उतरून पाहणे संख्याशास्त्राच्या वाट्याला येते.

महालनोबिसही माणसाच्या चुकीविषयी गाफील नव्हते. एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवून त्यांचे निष्कर्ष ताडून पाहण्याची युक्ती त्यांचीच. पण दोन्ही तुकड्यांचे हात सारखेच ओढत असतील, तर त्या तुलनेत काहीच उमटत नाही. या वादाच्या वेळी बंगालचा १९४३ चा दुष्काळ ताजा होता. कागदावर वाढलेल्या धान्याने कोणाचे पोट भरणार नव्हते.

पीककापणी प्रयोग आजही यदृच्छ निवडलेल्या शेतांत होतात आणि धान्यपिकांसाठी काही राज्यांत ५ मीटर बाजूचा चौरस आखतात. या कापणीतून निघालेली सरासरी ठरलेल्या उंबरठ्याखाली गेली, तर त्या मंडळातील शेतकऱ्यांना पीकविम्याची भरपाई मिळते. दोरीवरची चार ताटे आत आली की सरासरी वर सरकते.