हाडाची गोळी आणि बीपी

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दात आठवतात. पण आपल्या रक्तवाहिन्यांनाही ते लागतं. हे आम्ही गटातल्या बाया धास्ती खाऊन शिकलो.

आमच्यातल्या एकीच्या सुनेला आठव्या महिन्यात तोंडावर सूज आली, डोकं ठणकू लागलं. "गरोदरपणात सूज यायचीच," असं आम्हीच म्हणालो. आशाताईंनी बीपी मोजलं, ते खूप वाढलेलं. लगेच दवाखान्यात नेलं, म्हणून मायलेकरू सुखरूप राहिलं. घरी पाहिलं तर कॅल्शियमच्या गोळ्या डब्यात तशाच! बीपी त्यानेच वाढलं असं कुणी सांगू शकत नाही. पण आम्ही आशाताईंना विचारलं, हाडाच्या गोळीचा बीपीशी काय संबंध?

त्यांनी समजावलं. रक्तवाहिनीच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. ते आवळले की वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. खाण्यात कॅल्शियम कमी पडलं की शरीर काही संप्रेरकं वाढवतं. त्यामुळे हाडांतलं कॅल्शियम निघतं आणि या स्नायूंच्या पेशींत जास्त शिरतं. मग स्नायू आवळतात. म्हणजे ताटात कमी पडलं, की ताण रक्तवाहिनीवर.

म्हणूनच चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या देतात. ५०० मिलीग्रॅमची एक सकाळी, एक संध्याकाळी, जेवणासोबत. बाळंतपणानंतरही सहा महिने. लोहाची गोळी मात्र सोबत घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. मुतखडा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि ताटाचं काय? बाईला रोज साधारण १००० मिलीग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० असतं, तेवढ्याच तांदळात जेमतेम १०. म्हणून नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, वाटीभर दही. घरचं सगळं दूध डेअरीला घालू नका, सुनेचा पेला आधी बाजूला काढा.

डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले किंवा बरगड्यांखाली दुखलं, तर गोळीच्या भरवशावर थांबू नका. त्याच घडीला दवाखाना गाठा. आम्ही आता दर बैठकीत गरोदर बाईला पहिलं विचारतो, "बीपी मोजलंस का गं?" तुम्हीही विचारा.