एका पिशवीत पृथ्वीप्रदक्षिणा

प्रवासाला निघताना आपण बॅगा भरतो, डबे भरतो आणि शेवटी "असू दे, लागेल" म्हणून आणखी एक पिशवी घेतो. म्हणून आज नेली ब्लाय या अमेरिकन बातमीदार बाईंची हकीकत सांगते.

एकटीने जगप्रवास करण्याची कल्पना त्यांनी वृत्तपत्राच्या कचेरीत मांडली, तेव्हा उत्तर मिळाले, "बाईमाणसाला सोबत हवी, शिवाय सामान इतके, की गाड्या-बोटी झटपट बदलणार कशा? हे काम पुरुषाचेच!"

पुढे १४ नोव्हेंबर १८८९ रोजी बाई निघाल्या, त्या एकट्याच. अंगावर एक पोशाख, हाती १६ इंच रुंद व ७ इंच उंच अशी एकच पिशवी. तीत आतले कपडे, रुमाल, सपाता, सुईदोरा, दौत, लेखण्या आणि कागद. २५ जानेवारी १८९० रोजी, ७२ दिवसांत, प्रदक्षिणा पुरी झाली!

वाटेत पिशवीतल्या एकाच वस्तूने त्यांना छळले. ती म्हणजे तोंडाला लावायच्या क्रीमची बरणी. तिच्यापायी पिशवी धड मिटत नसे!

भगिनींनो, अशी एखादी बरणी आपणा प्रत्येकीच्या सामानात असतेच. पुढच्या सहलीला निघताना ती हुडकून काढावी आणि खुशाल घरी ठेवावी, एवढेच माझे सांगणे.